मराठवाड्याच्या उन्हात ऑर्किड

मे महिन्यातली दुपार. नांदेडच्या रस्त्यांवर शुकशुकाट आहे. पारा ४२-४३ अंश सेल्सिअसवर चढला आहे. गच्चीवरचे डांबर मऊ पडले आहे आणि नळाचे पाणी हाताला चटका देत आहे. अशा दिवसांत, काही वर्षांपूर्वी, आम्ही एका फुलांच्या प्रदर्शनातून आणलेले ऑर्किडचे झाड वाचवण्याची खटपट करीत होतो. पाने मलूल दिसली की झाडाला पाणी घालायचे, ही आपली नेहमीची समजूत. म्हणून सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. तीन आठवड्यांत झाडाची मुळे काळी पडली, पाने पिवळी होऊन गळाली आणि झाड मेले.

पुढे एका जाणकार शिक्षकांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘‘अहो, किनवटच्या जंगलात याच कुळातले झाड मोहाच्या फांदीवर बसलेले असते. पावसाळा सरल्यावर त्याला महिनोन्महिने कोण पाणी घालते? आणि तरी ऐन उन्हाळ्यात ते फुलते!’’

हे ऐकून आम्ही चकित झालो. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठाने पसरलेली किनवट-माहूरची जंगले सागवानाची आहेत. उन्हाळ्यात तिथली झाडे निष्पर्ण होतात, जमीन भेगाळते. अशा ठिकाणी एक ऑर्किड फांदीवर, जमिनीला स्पर्शही न करता जगते. आणि रोज तीन वेळा पाणी मिळणारे दुसरे ऑर्किड आमच्या व्हरांड्यात मरते! असे का बरे व्हावे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की उन्हाळ्यात ऑर्किड कसे सांभाळायचे हेही आपोआप समजते. म्हणून आधी या झाडाचा कारभार समजून घेऊ.

झाडावरचे झाड

ऑर्किडचे कूळ फार मोठे आहे. जगात त्याच्या सुमारे २८,००० जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत आपल्या देशातील १,२५६ जातींची नोंद आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढतात. मराठीत काहीजण या वनस्पतींना ‘आमरी’ म्हणतात.

किनवटच्या जंगलातले ज्या झाडाविषयी ते शिक्षक बोलत होते, त्याचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. त्याची पाने अरुंद, जाड आणि मधोमध घडी घातल्यासारखी असतात. फुले पिवळसर हिरवी असून त्यांवर तपकिरी रेषांची चौकडी असते. फरशीच्या लहान चौकोनी तुकड्याला लॅटिन भाषेत ‘टेसेला’ म्हणतात, त्यावरून ‘टेसेलाटा’. ‘व्हँडा’ हे नाव मात्र आपल्याच देशातले आहे. दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतात ‘वंदा’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात न्यायाधीश असलेले संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी हा शब्द वनस्पतिशास्त्रात नेला आणि तो जगभर रूढ झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंब्याच्या झाडावर वाढणारे बांडगूळ तुम्ही पाहिले असेल. बांडगुळाची मुळे आंब्याच्या फांदीत घुसतात आणि तिच्यातले पाणी व क्षार शोषून घेतात. ते परोपजीवी आहे. ऑर्किडचे तसे नाही. त्याची मुळे सालीला बाहेरून नुसती चिकटलेली असतात, आत शिरत नाहीत. झाडाकडून ते घेते ती फक्त बसायला जागा. पावसाचे पाणी, दव, आणि सालीच्या खाचांत साठलेली धूळ व पालापाचोळा यांवर त्याचा निर्वाह चालतो. तेव्हा तुमच्या शेतातल्या आंब्यावर किंवा मोहावर बांडगूळ समजून कुणी ऑर्किड तोडू लागला, तर त्याला आधी मुळे पाहायला सांगा.

मुळांवरचा स्पंज

व्हँडाची मुळे बोटाएवढी जाड आणि चंदेरी पांढरी असतात. ती हवेतच लोंबत असतात. अशा मुळावर थोडे पाणी शिंपडा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. पाहता पाहता पांढरे मूळ हिरवे होते!

याचे कारण असे. मुळाच्या बाहेरच्या अंगाला मृत पेशींचे काही थर असतात. या पेशी रिकाम्या, एखाद्या स्पंजासारख्या असतात. या आवरणाला ‘व्हेलामेन’ म्हणतात. कोरडे असताना या पेशींत हवा असते, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि मूळ पांढरे दिसते. पाणी लागले की त्या पेशी पाण्याने भरतात, आवरण पारदर्शक होते आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. पाणी भरायला काही सेकंद ते एखादे मिनिट पुरते. ते उडून जायला मात्र काही तास लागतात. पावसाची एखादी सर आली, की फांदीवरून पाणी वाहून जाण्याच्या आत आपला वाटा टिपून घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.

पण हाच स्पंज सतत भिजलेला राहिला तर? त्याच्या पेशींत हवेला जागा उरत नाही. आतल्या जिवंत पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. त्या गुदमरतात आणि मूळ सडते. आमचे झाड नेमके असेच मेले होते. मुळे सडली म्हणजे पाणी शोषणारे कोणी राहत नाही. म्हणून पाने मलूल होतात. आणि पाने मलूल दिसली की आपण आणखी पाणी घालतो!

रात्रीचा कारभार

आता याहून मोठे नवल पाहू. झाडांची पाने दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड आत घेतात आणि सूर्यप्रकाशात त्यापासून साखर तयार करतात, हे तुम्ही शिकला आहात. पण रंध्रे उघडी असली की त्यांतून पाण्याची वाफही बाहेर पडते. पाऊस मुबलक असेल तर याची चिंता नाही. फांदीवर बसलेल्या ऑर्किडला मात्र हा खर्च परवडणारा नाही.

व्हँडा, फॅलेनॉप्सिस अशा जाड पानांच्या ऑर्किडांनी यावर तोड काढली आहे. दिवसा ती रंध्रे बहुतांशी मिटून बसतात. रात्री हवा गार झाली की रंध्रे उघडतात, कार्बन डाय-ऑक्साइड घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठवून ठेवतात. सकाळी रंध्रे बंद. मग दिवसभर, दारे लावून, साठवलेल्या आम्लातून कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा करून त्याची साखर बनवायची. निवडुंग, कोरफड, घायपात, अननस आणि आपल्या अंगणातली पानफुटी हीसुद्धा याच पंथातली.

या शोधाचा पहिला धागा आपल्याच देशात हाती लागला. बेंजामिन हाइन नावाचे एक निसर्गशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. पानफुटीचे पान सकाळी चघळले तर चुक्यासारखे आंबट लागते, दुपारी त्याला काही चव राहत नाही आणि संध्याकाळी ते किंचित कडवट लागते, असे त्यांच्या लक्षात आले. १८१३ साली त्यांनी ही गोष्ट लंडनमधील ए. बी. लँबर्ट यांना पत्राने कळवली. त्या आंबटपणाचा पूर्ण उलगडा व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

या युक्तीने पाणी किती वाचते? एक ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळवण्यासाठी गहू किंवा सोयाबीनसारखे पीक ४०० ते ५०० ग्रॅम पाणी हवेत सोडते. ज्वारी व ऊस काटकसरी. त्यांना २५० ते ३०० ग्रॅम पुरते. रात्री रंध्रे उघडणाऱ्या वनस्पती मात्र ५० ते १०० ग्रॅमवर भागवतात.

अर्थात, काटकसरीची किंमतही मोजावी लागते. अशी झाडे फार सावकाश वाढतात. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. आपण घाम गाळून अंग थंड ठेवतो, तसे साधे झाड पानांतून वाफ सोडून पान थंड ठेवते. दिवसा रंध्रे मिटलेल्या ऑर्किडला घाम गाळता येत नाही. ऊन थेट पानावर पडले, तर ते जाड पान आसपासच्या हवेपेक्षाही कितीतरी अंशांनी अधिक तापते. हवाच ४२ अंशांवर असेल, तर पानाची काय गत होईल याची कल्पना करा. पानावर आधी फिकट डाग पडतो, मग तो भाग तपकिरी, कोरडा होतो. हे उन्हाने भाजणे. कितीही पाणी घातले तरी ते थांबत नाही, कारण झाड ते पाणी दिवसा पानावाटे सोडतच नाही.

म्हणून उन्हाळ्यात ऑर्किड सांभाळताना क्रम लक्षात ठेवायचा: आधी सावली, मग दमट हवा, आणि सर्वांत शेवटी पाणी. आम्ही हा क्रम नेमका उलटा लावला होता.

आधी सावली

सावली कोठून हवी? याचे उत्तर भूगोलात आहे. लातूरचे अक्षांश सुमारे १८.४ अंश उत्तर आणि नांदेडचे सुमारे १९.१५ अंश उत्तर. उत्तरायणात सूर्य लातूरच्या बरोबर डोक्यावर येतो तो १३-१४ मेच्या सुमारास, आणि नांदेडच्या डोक्यावर तीन दिवसांनी, १६-१७ मेच्या सुमारास. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली दिसत नाही. म्हणजे ऐन मेमध्ये दुपारचे ऊन बाजूने नव्हे, तर वरून पडते. हिवाळ्यात दक्षिणेच्या व्हरांड्यात आत शिरणारे ऊन मेमध्ये शिरत नाही. उलट उघड्या गच्चीवर, जिथे हिवाळ्यात झाड सुखात होते, तिथे ते मेमध्ये होरपळते.

तेव्हा मार्चच्या मध्यापासूनच झाडे हलवावीत. पूर्वेचा व्हरांडा उत्तम. तेथे सकाळी आठ-नऊपर्यंतचे कोवळे ऊन मिळते. पश्चिमेची बाजू टाळावी, कारण दुपारी तीन-चारचे ऊन तिरपे आत येते आणि त्या वेळी हवा सर्वांत तापलेली असते. अंगणात आंबा, चिंच किंवा कडुनिंब असेल तर त्याच्या खालच्या फांदीला झाड टांगावे; यापेक्षा चांगली जागा नाही. तेही नसेल तर हिरवी शेडनेटची जाळी बांधावी. व्हँडाला निम्मे ऊन अडवणारी जाळी पुरते. फॅलेनॉप्सिसला तीन-चतुर्थांश ऊन अडवणारी हवी. जाळी झाडापासून दोन-तीन हात उंच बांधावी, म्हणजे मधून हवा खेळते. झाडाला लागूनच बांधली तर ती स्वतः तापून झाडाला शेकते.

सावली पुरेशी आहे की नाही हे कसे ओळखायचे? दुपारी दोन वाजता पानाला तळहात लावावा. पान गार किंवा कोमट लागले तर ठीक. गरम लागले तर जागा बदलावी. पानांचा रंगही बोलतो. गर्द हिरवी पाने म्हणजे ऊन कमी पडते. पिवळसर म्हणजे जास्त होते. पोपटी हिरवी म्हणजे ठीक.

सिमेंटच्या गच्चीपासून मात्र दूर राहावे. ती दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर सोडत राहते, आणि आपल्या झाडाचा कारभार तर रात्री चालतो! ज्याची रंध्रे रात्री उघडायची आहेत, त्याला रात्र गार मिळाली पाहिजे.

हवेची तहान

आता थोडे गणित करू. २५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते. ४० अंशांच्या हवेत मावते सुमारे ५१ ग्रॅम. समजा, पहाटे हवा २५ अंश आहे आणि तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे. म्हणजे तिच्यात सुमारे १४ ग्रॅम वाफ आहे आणि आणखी ९ ग्रॅमची जागा शिल्लक आहे. दुपारी तीच हवा ४० अंशांपर्यंत तापली. वाफ तेवढीच, १४ ग्रॅम. पण शिल्लक जागा झाली ३७ ग्रॅम. आर्द्रता उतरली २७ टक्क्यांवर. दुपारच्या हवेची तहान पहाटेच्या चौपट झाली! ही तहान ती पानांतून, मुळांतून, मातीतून, आपल्या ओठांवरून, मिळेल तिथून भागवते. ऑर्किड रात्री रंध्रे का उघडते, ते आता तुम्हांला आकड्यांत दिसले.

पण ही कोरडी हवा आपल्या उपयोगीही पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती उष्णता आसपासच्या हवेतून घेतली जाते आणि हवा गार होते. माठातले पाणी याच कारणाने गार राहते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जलद आणि गारवा जास्त. वर सांगितलेल्या ४० अंशांच्या कोरड्या हवेत तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले, तर पारा सुमारे २४ अंशांपर्यंत उतरतो. सोळा अंशांचा फरक! कोकणात ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तोच पारा जेमतेम २९ पर्यंत उतरतो. म्हणूनच वाळ्याचे पडदे आणि कूलर मराठवाड्यात गारवा देतात, तेवढा कोकणात देत नाहीत.

याचा फायदा आपण असा घ्यायचा. व्हरांड्याच्या पश्चिम बाजूला गोणपाट बांधून ते ओले ठेवावे. त्यातून येणारी लू गार व दमट होऊन आत येते. झाडांखाली पसरट परातीत वाळू किंवा विटांचे तुकडे घालून ते भिजवून ठेवावेत. झाडाची कुंडी मात्र पाण्यात बुडवू नये, ती खड्यांच्या वर ठेवावी. झाडे एकेकटी न ठेवता जवळजवळ ठेवावीत. सूर्य मावळल्यावर जमिनीवर थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे रंध्रे उघडण्याच्या वेळी हवा गार आणि दमट असते. कूलर असलेल्या खोलीत खिडकीजवळ झाड चांगले राहते. वातानुकूलित खोलीत मात्र ठेवू नये. ते यंत्र हवेतली वाफ काढून घेते.

मात्र दमट हवा म्हणजे कोंदट हवा नव्हे. हवा हलती राहिली तर पाने थंड राहतात व बुरशी धरत नाही. झाडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवणे हा तर त्याला भट्टीत घालण्याचा प्रकार आहे.

पाणी: केव्हा आणि कसे?

व्हँडासारखी उघड्या मुळांची झाडे पहाटे किंवा सकाळी आठच्या आत बादलीतल्या पाण्यात मुळे बुडवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावीत. मुळे सगळीकडून हिरवी झाली की पोट भरले असे समजावे. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुळांवर हलका फवारा मारावा. अंधार पडण्यापूर्वी पानांच्या बेचक्यांतले पाणी सुकले पाहिजे; शेंड्यात पाणी साठून राहिले तर शेंडा कुजतो. एखादे झाड रोगट दिसत असेल तर त्याच्यासाठी वेगळे पाणी घ्यावे, नाहीतर बादलीतून रोग सगळीकडे पसरेल.

कोळसा, विटांचे तुकडे किंवा नारळाच्या सोडणांत लावलेल्या कुंडीतल्या झाडांना रोज पाणी लागेलच असे नाही. कुंडीत बोट घालून पाहावे. आत ओल लागली तर थांबावे. मातीत मात्र ही झाडे कधीच लावू नयेत; आपल्या काळ्या चिकण मातीत तर नाहीच नाही.

दुपारी पाणी घालणे टाळावे. गच्चीवरच्या टाकीतले आणि उन्हातल्या नळीतले पाणी मेच्या दुपारी इतके तापते की मुळे भाजतात. आधी आपला हात भिजवून पाहावा. खताची मात्रा या दोन महिन्यांत अगदी कमी करावी, आणि कुंडी बदलण्याचे काम पाऊस सुरू होईपर्यंत पुढे ढकलावे.

पाणी: कोणते आणि कोठून?

मराठवाड्याचा खडक बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. त्याच्या भेगांतून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. कूलरच्या गवतावर उन्हाळ्याच्या शेवटी जमणारा पांढरा थर तुम्ही पाहिला असेलच. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. तोच थर ऑर्किडच्या मुळांवर बसला की स्पंजाची छिद्रे बुजतात. म्हणून कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी ऑर्किडला घालू नये; त्यांत क्षार अधिकच दाट झालेले असतात. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र वाफेपासून बनलेले असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. सर्वांत उत्तम म्हणजे पावसाचे पाणी.

येथे कोणी विचारील, ‘‘इथे माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही फुलझाडांच्या गोष्टी सांगता?’’ हा प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला सांगली जिल्ह्यातील मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्या दिवसांत घागरीसाठी रांगेत उभे राहिलेल्या माणसाला फुलझाडाचे कौतुक सांगायला तोंड हवे!

पण हिशेब करून पाहा. पाच-सहा ऑर्किडांना ऐन उन्हाळ्यात रोज तीन लिटर पाणी पुरते. साठ दिवसांचे झाले १८० लिटर. म्हणजे २०० लिटरचे एक पिंप. आता छताचा दहा चौरस मीटर भाग घ्या. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २५० लिटर पाणी जमते. लातूरला वर्षाकाठी सरासरी ७५० मिलिमीटरच्या वर आणि नांदेडला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे पावसाळ्यातली एकच चांगली सर पिंप भरून देते. पहिल्या पावसात छतावरची धूळ धुऊन जाऊ द्यावी, नंतरचे पाणी फडक्यातून गाळून पिंपात घ्यावे आणि डास होऊ नयेत म्हणून घट्ट झाकून ठेवावे. उन्हाळ्यातल्या ऑर्किडची तरतूद अशी आदल्या पावसाळ्यात करायची असते. पिण्याच्या पाण्यातला एक पेलाही त्यासाठी लागत नाही. आणि ज्याने एक पिंप भरून पाहिले, त्याला दहा चौरस मीटरऐवजी सगळे छत दिसू लागते, हा आणखी एक फायदा.

कोणते ऑर्किड निवडावे?

झाड घेताना त्याचे मूळ गाव विचारावे. सिंबिडियम हे सिक्कीमसारख्या थंड डोंगराळ प्रदेशात शोभणारे झाड. ते लातूरला आणणे म्हणजे त्याला शिक्षा. व्हँडा आणि उष्ण प्रदेशातील डेंड्रोबियम आपल्याकडे सर्वांत सोपी. फॅलेनॉप्सिसला सावली व दमटपणा अधिक लागतो. डेंड्रोबियमच्या उसासारख्या जाड खोडांत पाणी साठवलेले असते, त्यामुळे एखाद-दुसरा दिवस विसर पडला तरी ते निभावून नेते.

काही ऑर्किडे तर उन्हाळ्याशी सामनाच करीत नाहीत. हबेनारिया या प्रजातीच्या जाती पावसाळ्यात गवतातून वर येतात, फुलतात आणि पाऊस सरला की जमिनीवरचा भाग वाळून जातो. कंद मात्र जमिनीखाली पुढच्या पावसाची वाट पाहत झोपून राहतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. जंगलातून ऑर्किड काढून आणू नका. त्याच्या एका बोंडात धुळीसारख्या लाखो बिया असतात, पण बीमध्ये अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते बी रुजते, आणि रुजल्यावर फुलायला कित्येक वर्षे जातात. फांदीवरून ओरबाडलेले झाड बहुधा घरी जगत नाही आणि जंगलातली ती जागा मात्र रिकामी होते. रोपवाटिकेत वाढवलेले झाडच घ्यावे.

करून पाहा

१. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळा व तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. पुठ्ठ्याने वारा घालून दोन्हींचे आकडे पाहा. पहाटे सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा तीन वेळा, व्हरांड्यात, गच्चीवर आणि झाडाखाली नोंदी करा. फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. तुमच्या घरात ऑर्किडसाठी योग्य जागा कोणती, हे आठवड्यात कळेल.

२. दोन स्वच्छ स्टीलच्या झाकण्यांत एकेक चमचा पाणी घ्या. एकात बोअरचे, दुसऱ्यात पावसाचे किंवा वातानुकूलन यंत्राचे. उन्हात ठेवून वाळू द्या. मागे काय उरते ते पाहा.

३. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेत करावा. उन्हात ठेवलेल्या पानफुटीची ५ ग्रॅम पाने पहाटे सहा वाजता खुडून लगेच ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात उकळा, कुटा व गाळा. दुपारी चार वाजता त्याच झाडाच्या ५ ग्रॅम पानांचा असाच अर्क काढा. प्रत्येक अर्कात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब घालून सोडियम हायड्रॉक्साइडचा अतिशय विरल द्राव थेंबथेंब टाका. गुलाबी छटा टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. पहाटेच्या अर्काला जास्त थेंब लागले, तर त्याचा अर्थ काय ते तुम्हीच सांगा. हाइनसाहेबांसारखे पान चघळून मात्र पाहू नका. पानफुटीत विषारी द्रव्ये असतात, हे आता आपल्याला माहीत आहे.

आमच्या व्हरांड्यात आज पुन्हा एक व्हँडा आहे. पूर्वेच्या बाजूला, लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत ते टांगलेले आहे. पश्चिमेला ओले गोणपाट आणि कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचे पिंप आहे. मेमधल्या दुपारी त्याची मुळे पांढरी फटक दिसतात आणि पाहुणे हटकून विचारतात, ‘‘याला पाणी नाही का घातले?’’ आम्ही सांगतो, ‘‘सकाळी घातले आहे. आता त्याने दारे लावून घेतली आहेत. संध्याकाळी या.’’ रोहिण्या-मृगाच्या सरी येतात तेव्हा त्या पांढऱ्या मुळांची टोके हिरवीगार होऊन पुढे सरकू लागतात, आणि उन्हाळा निभावला हे झाड स्वतःच सांगते.